दिव्यांची आणि आवाजाची वही: सांगलीतल्या एका हौशी संघाच्या नोंदी

२९ जून

आमच्या संघाच्या प्रकाशयोजनेच्या जुन्या वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. गावभागात ज्या तळमजल्यावर सामान होतं तिथं पाणी पार आत शिरलं. पडदे धुऊन वाळवता आले, वह्यांचा मात्र लगदा झाला. तेव्हापासून सगळं आमच्या जुन्या लाईटवाल्या अण्णांच्या डोक्यात. यंदा अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी सांगून टाकलं, "आता लाईटच्या बोर्डावर मी बसणार न्हाई. पोरांस्नी शिकवा."

लाईटला आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा आहे, साऊंडला त्याच्याच कॉलेजातली मुलगी. दोघंही चटपटीत. पण दिग्दर्शक सर "जरा खाली घे रे" म्हणाले की दोघं एकमेकांकडं बघतात. खाली काय घ्यायचं, दिवा, आवाज की दिवे-पडदे टांगायचा वरचा बार, हे फक्त सरांना माहीत.

म्हणून वही करायची ठरली. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटासाठी दोन अंकी नाटक बसवतोय, प्रयोग नोव्हेंबरच्या शेवटी, तोवर ती हातात हवी. कोश नको आहे. अंधारात एकानं शब्द उच्चारला की दुसऱ्याचा हात नेमका कुठं जायला हवा, एवढंच लिहायचंय. मिरज, तासगाव, विट्याच्या संघांचीही हीच रड ऐकतो, म्हणून या नोंदी.

६ जुलै

पहिली आवृत्ती रद्दीत. इंग्रजी संज्ञांची यादी घेऊन प्रत्येकीला मराठी प्रतिशब्द दिला, अक्षरक्रमानं लावलं, स्पायरल करून आणलं. दिसायला देखणी. तालमीत कुणी उघडली नाही. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरला सांगलीत सगळे डिमरच म्हणतात, त्याला संस्कृत कोट घालून कुणाचं काय भलं होणार? आणि अक्षरक्रमाचा तर उपयोगच नाही. शब्द माहीत असेल तर वही लागत नाही, माहीत नसेल तर कुठल्या अक्षरात शोधायचा? ६४० रुपये आणि बऱ्याच संध्याकाळी गेल्या.

१३ जुलै

आता उलट्या टोकानं. तालमीत फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि लोक प्रत्यक्षात काय ओरडतात ते उतरवून काढलं. नामं फारशी नाहीत, क्रियापदांचा बाजार आहे: टाक, मार, दे, घे, सोड, दाब, चढव, उतरव, तोड, खा. "तो मागचा खा जरा" म्हणजे मागच्या दिव्याची पातळी थोडी कमी कर. हे अण्णांना कळतं, पोराला कळायला वेळ लागला.

सगळ्यात धोक्याचा निघाला "उतरव". त्याचे तीन अर्थ चालू आहेत: दिवा मंद कर, आवाज कमी कर, आणि वरचा बार खाली सोड. मागच्या वर्षी एका प्रयोगात सर विंगेतून "उतरव, उतरव" म्हणाले ते दिव्याला. दोरावर उभ्या असलेल्या मुलानं बार सोडायला घेतला. बार नायिकेच्या डोक्यावर हातभर अंतरापर्यंत आला तेव्हा कुणीतरी त्याचा हात धरला.

तेव्हा ठरलं: एक क्रियापद, एकच काम. "चढव" आणि "उतरव" फक्त दिव्यांच्या पातळीला, आणि तेही किती सेकंदांत ते सांगून. दोर, बार आणि पडद्याला "ओढ" आणि "सोड". दिवा झटक्यात लावायचा तर "मार", झटक्यात घालवायचा तर "तोड". आवाजाला "मोठा" आणि "बारीक", दुसरं काही नाही. "घे" आणि "दे" वहीतून हद्दपार, कारण ते सगळ्याला लागू पडतात.

सरांना हे पटायला वेळ लागला. "मी काय पाढे पाठ करत बसू का?" म्हणाले. पण दोन तालमींनंतर तेच "उतरव, सहा" असं म्हणायला लागले. आधी ते "सावकाश" म्हणायचे. रेकॉर्डिंगवर घड्याळ लावून बघितलं तर त्यांचा सावकाश एका ठिकाणी चार सेकंदांचा होता, दुसऱ्या ठिकाणी वीसचा. आमच्या तबलजीनं सेकंदांऐवजी मात्रा सुचवल्या होत्या. लय बदलली की मात्रा बदलते, म्हणून नको.

२० जुलै

डावं-उजवं. नट प्रेक्षकांकडं तोंड करून उभा असतो, लाईटवाला प्रेक्षागृहाच्या मागे बसून नटाकडं तोंड करून. नटाची डावी ती याची उजवी. नियम नटाच्या बाजूनं मोजायचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. घाईत मात्र माणूस आपलाच हात बघतो.

तालमीच्या हॉलमध्ये आम्ही "खिडकीची बाजू, दाराची बाजू" म्हणत होतो. झकास चाललं होतं. पण नाट्यगृहात खिडकी कुठली? मग कुणीतरी दोन्ही बाजूंना लाल आणि पिवळी टेप लावायची युक्ती काढली. पहिल्याच दिवशी "लाल बाजूचा निळा उतरव" असं वाक्य तयार झालं आणि पोरानं लाल दिवा उतरवला. मग कागदावर "न.डा." आणि "न.उ." अशी लघुरूपं करून पाहिली. "नडा" असं मोठ्यानं म्हटल्यावर सांगलीत काय होतं ते सांगायला नको.

शेवटी विंगांनाच आकडे दिले. नटाच्या डाव्या हाताला पुढून मागे १, ३, ५. उजव्या हाताला २, ४, ६. म्हणायचं "एकची बाजू" आणि "दोनची बाजू". रंगमंचाचे नऊ चौकोन त्यावरूनच: पुढे-एक, पुढे-मध्य, पुढे-दोन, तसंच मधली आणि मागची ओळ. कुठल्याही नाट्यगृहात गेलो, खिडकी असो नसो, हे बदलत नाही. बोर्डाच्या डाव्या कडेला "२" आणि उजव्या कडेला "१" अशी चिकटपट्टी लावली, म्हणजे पोराला डोक्यात उलटापालट करावी लागत नाही.

२७ जुलै

कोयना धरणातून विसर्ग वाढलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या आसपास. नदीकाठच्या घरांतले आमचे दोन नट सामान वरच्या मजल्यावर चढवताहेत. तालीम बंद. मी, लाईटवाला पोरगा आणि लॅपटॉप अण्णांकडं जाऊन बसलो.

आजची नोंद लांब होणार, कारण वहीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट आज सापडली.

अडचण पातळीच्या आकड्यांची होती. भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या डीएमएक्स बोर्डांवर पातळी ० ते २५५ दिसते. डीएमएक्स ५१२ म्हणजे बोर्डाकडून दिव्यांना आकडे पाठवायची पद्धत, तिच्यात एका तारेवर ५१२ चॅनेल जातात आणि प्रत्येकाला २५६ पायऱ्या, म्हणून हा आकडा. सर टक्क्यांत बोलतात. सर म्हणाले "पन्नास", पोरानं पन्नास केलं, म्हणजे सरांच्या हिशेबात जेमतेम वीस टक्के. नट काळोखात चाचपडत बसले. आणि प्रत्येक वेळी मनात टक्क्यांचं २५५ करणं म्हणजे, १२७.५ का १२८, हे प्रयोगात कोण करणार?

अण्णा हे ऐकत भडंग खात बसले होते. म्हणाले, "टक्के कशाला पायजेत? आमी आण्यात बोलायचो. चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपया. डिमरच्या दांड्याला खडूच्या खुणाच केल्यात्या." पोरगा हसला. मग गप्प झाला आणि कागदावर लिहायला लागला: रुपयाचे सोळा आणे. २५६ भागिले १६, सोळा. एक आणा म्हणजे बोर्डावरचे सोळा. चार आणे ६४. आठ आणे १२८. बारा आणे १९२. रुपया २५५, कारण मोजणी शून्यापासून.

दशमान नाणी १९५७ ला आली, चार आण्याचं नाणंही २०११ ला चलनातून गेलं, आणि अण्णांचा हिशेब डीएमएक्सला बसतो, फरक रुपयाला तेवढा एका आकड्याचा. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. "बसंल की. बसायलाच पायजे," म्हणाले आणि भडंगाची बशी पुढं सारली.

सोळाचा पाढा पोराला येत नव्हता. आता येतो. बोर्डाच्या सरकपट्ट्यांशेजारी कागदाची पट्टी चिकटवून सोळा खुणा केल्या, चार-आठ-बारावर जाड रेघ.

१० ऑगस्ट

पाणी ओसरलं, तालीम सुरू. आण्यांचा दुसरा फायदा आज कळला. साऊंड मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीवर, "०" ही खूण वरच्या बाजूला असते. तिथं सिग्नल आहे तसा जातो, कमी होत नाही की वाढत नाही. म्हणजे चांगलाच मोठा आवाज. लाईटच्या बोर्डावर "०" म्हणजे काळोख. ताई रंगमंच व्यवस्था बघतात. त्या प्रवेशाच्या शेवटी "दोघंही शून्यावर" म्हणाल्या. पोरानं अंधार केला आणि मुलीनं सनई पूर्ण सोडली. तिचं काही चुकलं नव्हतं, तिच्या यंत्रावर शून्य तिथंच आहे.

आता "शून्य" हा शब्द कुणीच उच्चारत नाही. दिव्यांना आणे, सगळं गेलं की "अंधार". आवाजाला डेसिबलचे आकडेही ताईंनी बोलायचे नाहीत, ते मुलीनं आपल्या कागदावर लिहायचे. बोलताना तीनच पायऱ्या: "बोलण्याखाली", "बोलण्याइतका", "बोलण्यावर". नटाचं वाक्य चालू असताना पावसाचा आवाज बोलण्याखाली असतो, वाक्य संपलं की बोलण्यावर येतो. नेमका आकडा प्रत्येक नाट्यगृहात बदलतो, नातं बदलत नाही.

८ सप्टेंबर

गणपती बसले. जिल्ह्यातला एकूण एक पार दिवा, स्पीकर आणि जनरेटर मंडपांत. विसर्जनापर्यंत भाड्यानं काही मिळणार नाही, हे दरवर्षीचंच. तुम्ही नोव्हेंबरच्या प्रयोगासाठी असलं काही करत असाल तर हे दिवस कागदी कामाला ठेवा.

आम्ही क्यूंना, म्हणजे दिवा किंवा आवाज बदलायच्या प्रत्येक जागेला, नावं देऊन घेतली. दिव्यांचे क्यू आकड्यांत, दहा-दहाच्या टप्प्यानं: १०, २०, ३०. सर मध्येच एखादा वाढवतात, तो २५ होतो, पुढचे सगळे खोडावे लागत नाहीत. आवाजाचे क्यू अक्षरांत, म्हणजे आकडा ऐकला की तो पोराचा आणि अक्षर ऐकलं की मुलीचा. पण वॉकीटॉकीवर ब आणि भ, ट आणि ठ वेगळे ऐकूच येत नाहीत. मग अंकलिपी काढली. कमळ, खटारा, गणपती, घर, चमचा, छत्री, जहाज. पहिले काही दिवस "भटजी, तयार" म्हटलं की सगळे फिदीफिदी हसायचे. आता कुणी हसत नाही, भटजी म्हणजे दुसऱ्या अंकातलं दार वाजणं.

हाक मारायची पद्धत: आधी "छत्री, तयार". ऑपरेटरनं "छत्री तयार" असं परत म्हणायचं. मग वेळ आली की "छत्री, गो".

१५ सप्टेंबर

"गो" च्या जागी मराठी शब्द हवा असा सरांचा आग्रह होता आणि आम्ही "घे" घेऊन पाहिलं होतं. वहीतून हद्दपार केलेला शब्द मागच्या दारानं परत. कोरड्या तालमीत, म्हणजे दिवे-स्पीकर नसताना फक्त क्यू हाकण्याच्या तालमीत, ताईंचं बटण दाबलेलं राहिलं आणि त्या शेजारच्याला म्हणाल्या, "चहा घे." लाईटवाल्यानं पुढचा क्यू मारला. सरांनी स्वतःच "गो" परत आणला. तालमीच्या वेळात तो एरवी कुणाच्या तोंडी येत नाही, हाच त्याचा गुण.

एकच अपवाद निघाला: गोबो. दिव्यापुढं सरकवायची ती कापलेली पत्र्याची चकती. आमच्या नाटकात तिनं खिडकीच्या गजांची सावली पडते. "गोबो" मधला "गो" तुटक्या वॉकीटॉकीवर तेवढाच ऐकू आला तर? म्हणून तिचं नाव "जाळी".

तसाच "वीज". नाटकात वीज चमकते. सर "वीज!" म्हणाले की मागून कुणीतरी "गेली का?" विचारतं. चमकणारीला आता "लख्ख" म्हणतो. लख्ख आणि गडगडाट हे दोन वेगळे क्यू ठेवले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळं दोन्ही एकदम झाले तर वीज अंगणात पडल्यासारखी वाटते. पहिल्या अंकात तीन सेकंदांची फट, म्हणजे वादळ किलोमीटरभर लांब. शेवटी फट काढून टाकली. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी आणखी दोन विजा वाढवल्या, म्हणून क्यू ३५ आणि ३६.

६ ऑक्टोबर

सामान मोकळं झालं. एका दिवसासाठी हॉल, दिवे, बोर्ड आणि मिक्सर. दिव्यांच्या नावांचं पान आज पार बदललं.

भाड्याच्या यादीत आम्ही "पार, सहा" लिहिलं होतं. मनात जुने हजार वॉटचे पार ६४. आले एलईडी पार. पुरवठादाराचं म्हणणं, आता पार म्हणजे हेच. भांडून उपयोग नव्हता. आता यादीत "जुना पार, बल्बवाला" आणि "एलईडी पार" असं सविस्तर लिहितो. "हॅलोजन" तर कुणी कशालाही म्हणतं, तो शब्द यादीतून काढला. बाकीच्यांची ओळख प्रकाशाच्या कडेवरून लिहिली. भिंतीवर टाकलेल्या उजेडाची कड सुरीसारखी धारदार करता येते तो प्रोफाइल. जाळी फक्त त्यालाच. कड मऊ आणि विरत जाणारी तो फ्रेनेल, काचेवर गोल वळ्या असतात. या दोघांच्या मधला, साधी फुगीर काच असलेला तो पीसी. कडच नाही, सगळीकडं सांडतो तो फ्लड. उपकरणावरचं नाव पुसलेलं असतं, कड पुसलेली नसते.

एलईडी पारांनी अर्धा दिवस खाल्ला. एक: कुणीतरी ते डिमरच्या प्लगात लावले. एलईडीला पूर्ण २३० व्होल्ट थेट लागतात, डिमरवर ते लुकलुकतात आणि आतली सर्किटं जायची भीती. डिमरच्या प्लगांवर आता लाल ठिपका. दोन: सगळ्यांच्या पहिल्या चॅनेलला बारा आणे दिले तर पाच गप्प आणि एकटा लालभडक. त्या एकट्याचा मोड चार चॅनेलचा होता, बाकीच्यांचा आठचा. आठच्या मोडमध्ये या पारांचं पहिलं चॅनेल एकूण उजेडाचं, चारच्या मोडमध्ये पहिलंच लाल. बाकीचे पाच गप्प होते कारण त्यांना एकूण उजेड मिळाला, रंग कुठलाच मिळाला नाही. आता प्रत्येक दिव्याच्या पाठीवर पट्टी: आधी मोड, मग पत्ता, म्हणजे त्याच्या पहिल्या चॅनेलचा आकडा. आठ चॅनेलचे असतील तर पत्ते १, ९, १७, २५, ३३, ४१. तीन: तारेच्या टोकाचे दोन दिवे मधूनच थरथरत होते. शेवटच्या दिव्याच्या मोकळ्या तोंडाला १२० ओमचा रोध जोडलेलं बूच लावलं, थरथर गेली. वहीत त्याचं नाव "बूच". दुकानात सुट्टे भाग घेऊन पोरानं पन्नास-साठ रुपयांत केलं.

मग आण्यांचा घोळ. बल्बवाल्या दिव्यांचे, म्हणजे हॅलोजनचे, आठ आणे आणि एलईडीचे आठ आणे दिसायला एक नाहीत. तापलेल्या तारेचा उजेड व्होल्टेज कमी केलं की झपाट्यानं पडतो आणि नारिंगी होत जातो. एलईडी मात्र बोर्डाचा आकडा सरळसोट पाळतो, रंगही बदलत नाही. अण्णांना खुर्चीत बसवलं, एक नट मध्यावर उभा केला, अर्ध्या चेहऱ्यावर हॅलोजन आणि अर्ध्यावर एलईडी. अण्णा "वाढव… बास… आणा कमी" म्हणत गेले. आमच्या डिमरांवर हॅलोजनच्या आठ आण्याला एलईडीचे तीन, बाराला आठ. खाली, एक-दोन आण्यांत, एलईडी पायऱ्या पायऱ्यांनी विझतो ते डोळ्याला दिसतं. म्हणून शेवटचा हळू अंधार एलईडीवर ठेवायचाच नाही. आधी सहा सेकंदांत एलईडी उतरवायचा, मागून हॅलोजन.

दुपारी ट्रिप गेला. एका पंधरा अँपिअरच्या प्लगवर हजार वॉटचे चार दिवे. एक हजार वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत-बाहेर. तीन चालतात, चौथा नाही. वहीत दिव्याच्या नावापुढं आता वॉटचा रकाना आहे, आणि बेरीज पोरानं नाही, ताईंनी करायची, कारण त्यांना दिवे वाढवायचा मोह नसतो.

१३ ऑक्टोबर

साऊंड. इथं तक्रारीचे शब्द नीट लावले तर निम्मी दुरुस्ती होते. पूर्वी सगळे "आवाज येतोय" एवढंच म्हणायचे. मुलगी कुठून सुरू करणार?

"घूं": खालच्या पट्टीतला, न थांबणारा. विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याची पट. आमचा लॅपटॉपच्या चार्जरमधून येत होता. चार्जर काढला, गेला. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवायचा, आणि भाड्याच्या यादीत ग्राउंड लिफ्टचा डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची, घूं तोडणारी डबी. एकानं प्लगची तिसरी पिन काढून टाकायची सुचवली होती. ती अर्थिंगची पिन आहे, माणूस मरतो. वहीत हे चौकटीत लिहिलंय.

"शिटी": माईकचा आवाज स्पीकरमधून परत माईकात. आमचे फूट माईक, रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवायचे ते, स्पीकरच्या रेषेच्या पुढं होते. मागं सरकवले, शिट्टी थांबली. प्रयोगात आलीच तर एकूण आवाजाचा मास्टर नाही खाली करायचा, त्याच माईकचा फेडर.

"खरखर": केबल किंवा जॅक हलतोय. बदलायची, हलवून बघत बसायचं नाही. "फटका": चालू चॅनेलमध्ये कुणीतरी वायर घातली किंवा काढली. आधी म्यूट.

लॅपटॉपचे स्वतःचे "टिंग" आवाज बंद, वायफाय बंद. फायली वेव्हमध्ये, कारण एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीक मोकळी जागा राहते आणि दाराची थाप हाताच्या मागं पडते. ब्लूटूथ स्पीकर तालमीतसुद्धा नको. त्याला उशीर होतो, नट त्या उशिराची सवय लावून घेतो आणि खऱ्या यंत्रणेवर चुकतो.

२७ ऑक्टोबर

विंगेतली प्रत वाचता येईना. दिव्यांचे क्यू लाल पेनानं, आवाजाचे निळ्या पेनानं लिहिले होते. विंगेत निळा दिवा असतो, त्यात निळी शाई जवळजवळ नाहीशी होते. टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघितलं तर लाल गायब. आता सगळं काळ्या शिसपेन्सिलीत, दिव्याला चौकोन आणि आवाजाला गोल. शिसपेन्सिल पुराच्या पाण्यातही पसरत नाही, असं एकजण म्हणाला. बघायची वेळ न येवो.

५ नोव्हेंबर

रंगभूमी दिन. तालीम नाही, सगळे विष्णुदास भावे नाट्यमंदिरात भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, तेलाच्या उजेडात. दिव्यावरच्या गड्याला तेव्हा काय ओरडून सांगत असतील, यावर परतताना बरीच चर्चा झाली. अण्णांच्या मते "अरे ए!"

२५ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. वहीमुळं काय सुधारलं ते प्रेक्षकांना दिसत नाही. त्यामुळं काय बिघडलं तेवढंच लिहितो.

क्यू ७० उशिरा. ताईंनी "तयार" म्हटलं, पोरानं परत म्हटलं, पण मध्ये टाळ्या पडल्या आणि "गो" बुडाला. वॉकीटॉकीचं भाडं दोन दिवसांचं ६०० रुपये, आणि गर्दीत ते कमी पडतात. वायरचा टॉकबॅक, म्हणजे कानाला लावून बोलायचा संच, मिळाला तर तो घ्या. तोवर ताईंच्या हातात एक बटण आणि लाईटच्या टेबलावर एक छोटा लाल एलईडी, असं पोरगा करणार आहे: पेटला की तयार, विझला की गो.

छत्री, म्हणजे पावसाचा क्यू, बरोबर वाजली, पण पाऊस बोलण्याखाली न राहता बोलण्याइतका झाला. रिकाम्या प्रेक्षागृहात लावलेली पातळी भरल्या प्रेक्षागृहात चालत नाही, माणसं आवाज शोषतात. त्यामुळं मुलीनं आधीच थोडा वर ठेवला होता, पण पहिल्या चार रांगा रिकाम्या राहिल्या. तिसऱ्या घंटेला प्रेक्षक मोजून पातळी ठरवायची, असं पान वाढवलंय.

शेवटचा अंधार ठरल्याप्रमाणं. एलईडी आधी, हॅलोजन मागून. अण्णा तिसऱ्या रांगेत होते. मध्यंतरात "दोनच्या बाजूला दोन आणे जास्ती हैत" एवढंच म्हणाले. बोर्ड बघितला, होतेच.

१ डिसेंबर

दुसरी आवृत्ती झेरॉक्सला दिली. चोवीस पानं, हातात मावेल एवढी, स्पायरल वरच्या कडेला, म्हणजे टेबलावर उलटून ठेवता येते. प्रत ५५ रुपयांना पडते. क्रम अक्षरांचा नाही, संध्याकाळचा: सामान उतरवणं, जोडणी, पातळ्या, हाका, बिघाड. बिघाडाचं पान शेवटचं आणि जाड पुठ्ठ्याचं, कारण ते न बघता सापडलं पाहिजे.

फॉलो स्पॉटचं, म्हणजे नटामागं फिरवायच्या दिव्याचं, पान कोरं आहे, आम्ही तो वापरला नाही. मिरजेच्या एका संगीत नाटकवाल्या मंडळींनी प्रत नेली, ऑर्गन आणि तबल्याच्या माईकचे शब्द ते भरून देणार आहेत. बाकी कुणी घेतली तर खुशाल बदला, फक्त हॅलोजन आणि एलईडीच्या आण्यांचा तक्ता आमचा उतरवून घेऊ नका. तो आमच्या डिमरांवरचा आणि अण्णांच्या डोळ्यांवरचा आहे. एक नट, दोन दिवे आणि पाऊण तास, एवढ्यात तुमचा तुम्हाला काढता येतो.